पाट्या वाचणारा मास्तर

‘पुढे रस्ता बंद. पर्यायी मार्गाने जावे,’ अशी पाटी होती, आणि पाटीवरचा बाण सरळ एका विहिरीकडे दाखवत होता.

तिने करकचून ब्रेक दाबला. गाडीने दोन आचके दिले आणि बंदच पडली. शेजारच्या सीटला पट्ट्याने बांधून ठेवलेला थंड डबा पुढे झुकला, तसा तिने झटकन हात घालून तो सावरला. डबा शाबूत होता.

ती शहरातल्या रुग्णालयाच्या औषध भांडारात कामाला होती. दुपारी टेकड्यांपलीकडच्या आरोग्य केंद्रातून फोन आला. गवत कापताना एका बाईला घोणस चावली होती, हिरड्यांतून रक्त यायला लागलं होतं आणि केंद्रातली सापाच्या विषावरची लस संपली होती. बाईला हलवण्यात धोका होता, म्हणजे लसच तिकडे पोचायला हवी होती. एक रुग्णवाहिका अपघाताच्या ठिकाणी गेलेली, दुसरी दुरुस्तीला. “गाडी कुणाकडे आहे?” असं भांडारातल्या काकांनी विचारलं आणि सगळ्यांच्या नजरा तिच्याकडे वळल्या.

गाडी होती खरी, पण बाबांची. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यावर त्यांनी किल्ली तिच्या हातावर ठेवली होती. लायसन्स नुकतंच मिळालेलं, तेही दोनदा नापास होऊन. घर ते रुग्णालय आणि रुग्णालय ते घर, एवढाच तिचा प्रवास. तोही बहुतेक दुसऱ्या गिअरमध्ये.

“अगं, सरळ रस्ता आहे,” काका म्हणाले होते.

सरळ रस्ता म्हणे! समोर विहीर होती.

“त्या बाणाचं ऐकू नका हं. काल एक ट्रॅक्टर ऐकून बसलाय.”

ती दचकली. पाटीच्या पलीकडे, रस्त्याच्या कडेला एक तरुण दगडावर बसला होता. केसांत गवत, शर्टाची बाही फाटलेली, उजवा हात पोटाशी धरलेला. त्याच्यामागे चरात एक मोटरसायकल आडवी पडली होती, आणि तिच्या बरोब्बर वर दुसरी पाटी उभी होती – ‘सावकाश जा. घरी कोणीतरी तुमची वाट पाहत आहे.’

“तुम्ही... इथेच पडलात?” तिने काच खाली करत विचारलं.

“हो ना. पाटी वाचायला मान वर केली आणि खाली गेलो.” तो हसला, पण ओठ पांढरे पडले होते. “टेकडीपलीकडच्या आरोग्य केंद्राकडे चाललाय का? मला तिथपर्यंत न्याल? हा हात दाखवायचाय. मनगट बहुतेक गेलंय.”

अनोळखी माणसाला गाडीत घ्यायचं नाही, हे बाबांनी शंभरदा बजावलेलं. तिने डब्याकडे पाहिलं, मग त्याच्या सुजलेल्या मनगटाकडे.

“रस्ता माहितीय तुम्हाला?”

“डोळे मिटून.”

“डोळे उघडे ठेवूनच सांगा. बसा. आणि हा डबा मांडीवर घ्या. पडता कामा नये. साप चावलाय एका बाईला, तिची लस आहे यात.”

तो दार उघडून आत बसत होता, तो मध्येच थांबला. डब्याकडे क्षणभर बघत राहिला. मग डाव्या हाताने त्याने डबा असा काही जवळ ओढला की तिला वाटलं, याचं मनगट फारच दुखत असावं.

“पर्यायी मार्ग विहिरीच्या अलीकडून आहे,” तो हळूच म्हणाला. “डावीकडे, बाभळीच्या मागे. चला.”

तिने किल्ली फिरवली. गाडी गुरगुरली, उसळली, पुन्हा बंद पडली. तिच्या कपाळावर घाम आला.

“क्लच,” तो म्हणाला. “हळू सोडा. मांजर झोपलंय असं समजून पाय उचला.”

गाडी अलगद निघाली. तिने चमकून त्याच्याकडे पाहिलं.

“पुढे बघा, माझ्याकडे नको. ड्रायव्हिंग स्कूल आहे माझं. सगळे मास्तर म्हणतात.”

“अरे देवा!” ती कळवळून म्हणाली. “म्हणजे आता परीक्षाच!”

“छे. आज मास्तर सुट्टीवर. आज मी फक्त पाट्या वाचणार.”

आणि खरंच, तो पाट्या वाचायला लागला.

बाभळीमागचा रस्ता म्हणजे खड्डे आणि त्यांना जोडणारं थोडंसं डांबर. त्याच्या तोंडाशीच एक चकचकीत गोल पाटी होती – वेगमर्यादा ऐंशी. “ऐंशी!” मास्तर गंभीरपणे म्हणाले. “बघा हं, ओलांडू नका, दंड होईल.” गाडी तेव्हा बैलगाडीच्या चालीने चालली होती. पुढे एका खांबावर दोन पाट्या होत्या. वरची म्हणत होती, ‘शांतता राखा, हॉर्न वाजवू नये’ आणि खालची, ‘धोक्याचे वळण, हॉर्न वाजवा’.

“आता काय करू?” तिने घाबरून विचारलं.

“हळू आवाजात वाजवा.”

तिला हसू फुटलं. हसताना स्टिअरिंगवरची बोटं सैल झाली आणि वळण कधी गेलं तिला कळलंच नाही. वळणापलीकडे ‘अपघातप्रवण क्षेत्र’ असं लिहिलेली पाटी स्वतःच दुमडून आडवी झाली होती. तिच्यावर एक शेळी बसून रवंथ करत होती.

“बिचारी,” तो म्हणाला. “सगळ्यात जास्त अपघात तिलाच झालेत.”

“शेळीला?”

“पाटीला हो! शेळी मजेत आहे.”

असा कसा हा माणूस, तिला वाटलं. मनगट टम्म सुजलंय, आणि विनोद सुचतायत. तिने चोरून पाहिलं, तर तो पुढच्या काचेतून एकटक बघत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर हसण्याचा मागमूस नव्हता. डाव्या हाताची बोटं डब्याच्या झाकणावर घट्ट रोवलेली. त्याच्या खिशात फोन थरथरला. त्याने कसाबसा काढून पाहिला, आणि परत ठेवला.

“कोण?”

“घरून. रेंज गेली.” मग लगेच – “पुढे चढ आहे. दुसऱ्या गिअरमध्ये घ्या. छान. तुम्हाला कुणी सांगितलं, गाडी येत नाही म्हणून?”

“परीक्षा घेणाऱ्याने. दोनदा.”

“त्याला काय कळतंय!”

तिचे कान गरम झाले. आत्ता, अशा वेळी, कान गरम व्हायचं काही कारण होतं का? ती स्वतःवरच चिडली आणि तिने गिअर जरा जोरातच टाकला.

चढावर धुकं होतं. आधी विरळ, मग इतकं दाट की गाडीचं नाकसुद्धा दिसेना. उजवीकडे डोंगर आणि डावीकडे... डावीकडे नुसता पांढरा पडदा. त्या पडद्यातून एक रंगीत पाटी पुढे आली – ‘सृष्टिसौंदर्य पाहण्याचे ठिकाण. क्षणभर थांबा!’

आणि गाडी थांबली. खरोखरच थांबली. चढावर, वळणावर, इंजिन बंद. मग अगदी सावकाश ती मागे सरकायला लागली.

“मास्तर!”

“ब्रेक.”

“दाबलाय! दाबलाय तरी –”

“आणखी. पूर्ण पाय. मी हँडब्रेक ओढतो.” त्याने डबा गुडघ्यांत धरला, अंग वळवून डाव्या हाताने हँडब्रेक खेचला. गाडी जागच्या जागी थिजली. त्याचा खांदा तिच्या खांद्याला टेकला होता. दोघंही एकाच लयीत धापा टाकत होते. मागे कुठेतरी एक दगड गडगडत खाली गेला आणि बराच वेळ गडगडत राहिला.

“माझ्याने नाही होणार,” ती म्हणाली. “मी... तुम्ही दुसऱ्या कुणाला तरी थांबवा. माझ्यामुळे त्या बाईचं काही बरंवाईट झालं तर –”

“इकडे बघा.”

तिने पाहिलं. एवढ्या जवळून तिने त्याचे डोळे पहिल्यांदाच पाहिले. त्यात पाणी होतं. हात दुखतोय, तिने पुन्हा स्वतःला सांगितलं.

“त्या बाईला आत्ता तुमच्याशिवाय कोणी नाही,” तो म्हणाला. “आणि मला माहितीय, तुम्ही पोचणार. मी खूप जणांना शिकवलंय. घाबरत नाहीत ते धडकतात. तुमच्यासारखे घाबरतात ना, ते पोचतात. चला. क्लच, पहिला गिअर, थोडा अ‍ॅक्सिलरेटर... इंजिनचा आवाज बदलला? ऐका नीट... हं! मी ब्रेक सोडतोय.”

गाडी क्षणभर थरथरली. मग पुढे गेली. पुढे! धुकं कापत दोघंही वर चढत राहिले. माथ्यावर उजेड दिसल्यावर मास्तरांनी मागे वळून पाहिलं.

“सृष्टिसौंदर्य पाहून झालं?” त्याने विचारलं.

“गप्प बसा हो!” ती ओरडली, आणि ओरडता ओरडता हसली, आणि हसता हसता तिच्या गालांवरून घळाघळा पाणी आलं.

पण खरी परीक्षा अजून पुढेच होती.

उतार संपला तिथे नाला होता आणि नाल्यावर कठडे नसलेला फरशीचा बुटका पूल. वरच्या धरणातून पाणी सोडलेलं असावं. तपकिरी पाणी पुलावरून सळसळत पलीकडे पडत होतं. कडेला एक पाटी उभी होती, आणि तिचा खालचा भाग पाण्यात होता. लिहिलं होतं – ‘हा फलक पाण्याखाली गेल्यास पूल ओलांडू नये.’

ती पाटीकडे बघतच राहिली. “अर्धा पाण्याखाली आहे,” ती म्हणाली. “म्हणजे काय करायचं? अर्धा पूल ओलांडायचा?”

या वेळी तो हसला नाही. त्याने डबा तिच्या मांडीवर ठेवला आणि दार उघडलं.

“कुठे निघालात?”

“बघून येतो.”

“वेडबिड लागलंय का? हात मोडलाय तुमचा!”

“पाय शाबूत आहेत ना.”

तो पाण्यात उतरला. पाणी आधी घोट्याला लागलं, मग पोटरीला. एका जागी तो डगमगला. आपण याचं नावही विचारलं नाही, तिला एकदम आठवलं. त्याने पाय रोवला, तोल सावरला. पलीकडच्या काठाला जाऊन तो वळला आणि पुलाच्या मध्यावर परत आला. तोंड तिच्याकडे करून त्याने डावा हात वर केला. या, असं खुणावलं.

तिने डबा पुन्हा सीटला बांधला. मांजर झोपलंय, मांजर झोपलंय, असं पुटपुटत क्लच सोडला.

तो उलट्या पावलांनी मागे सरत होता आणि ती त्याच्याकडे बघत पुढे जात होती. पाणी दारांना थोपटत होतं. तिला पूल दिसत नव्हता, कडा दिसत नव्हती. दिसत होता फक्त त्याचा तो एक हात – जरा डावीकडे, बस्स, सरळ, सरळ... आणि त्याचे ओठ सारखे हलत होते. तो काय बोलतोय ते काचेतून ऐकू येत नव्हतं. तो तिच्याशी बोलत नव्हताच. कुणाची तरी विनवणी करावी तसा तो बोलत होता.

चाकांना कोरडी माती लागली. तो गाडीत बसला तेव्हा चिंब होता आणि दात वाजत होते.

“काय म्हणत होता पाण्यात?”

“काही नाही. जोरात चालवा आता. रस्ता चांगला आहे.”

आरोग्य केंद्राच्या फाटकात गाडी शिरली तेव्हा उन्हं कलली होती. पायऱ्यांवर एक डॉक्टर बाई वाटच बघत उभ्या होत्या. तिने डबा त्यांच्या हातात दिला. डॉक्टर वळणार, तेवढ्यात त्यांची नजर तिच्या मागे गेली.

“आलास का रे बाबा! किती फोन लावले तुला! आत जा आधी. आईनं तुझाच धोशा लावलाय.”

तिला क्षणभर काही कळेना. आणि मग सगळंच कळलं. डब्यावर रोवलेली बोटं. घरून आलेला फोन. डोळ्यांतलं पाणी. पाण्यात हलणारे ओठ.

तो तिच्याकडे न बघता पायऱ्या चढून धावत आत गेला.

व्हरांड्यातल्या बाकावर ती किती वेळ बसली, तिलाच माहीत नाही. आतून सलाईनच्या स्टँडचा आवाज येई, कण्हणं येई, मग शांतता. डॉक्टर मधूनच बाहेर येत आणि रक्त घेतलेली काचेची नळी तिरकी करून बघत. रक्त पाण्यासारखं वाहत होतं. विष उतरलं नव्हतं, म्हणून ते गोठत नव्हतं. कुणीतरी त्याच्या मनगटाला फळी बांधून त्याला बाहेर आणून बसवलं. दोघांच्या मध्ये एका माणसाची जागा होती.

“तू मला सांगितलं का नाहीस?” ती म्हणाली. आवाज चढला होता, आणि ‘तू’ कधी तोंडातून गेलं ते तिला समजलं नाही. “एवढा रस्ता! शेळ्या काय, हॉर्न काय... मी हसत होते! तुझी आई इथे अशी, आणि मी खिदळत होते! काय वाटलं असेल तुला?”

तो जमिनीकडे बघत राहिला. “फोन आला तेव्हा मी बेभान निघालो. पाटीबिटी काही वाचत नव्हतो. नुसता पळवत होतो, म्हणून पडलो. मग तुम्ही आलात, आणि स्टिअरिंगवरचे तुमचे हात बघितले. इतके घट्ट... तुम्हाला कळलं असतं की शेजारी तिचा मुलगा बसलाय, तर तुम्ही माझ्यासाठी घाई केली असती. मला तुम्ही पोचायला हव्या होतात. तुम्ही हसलात की हात सैल व्हायचे. म्हणून मी...” त्याचे खांदे गदगदायला लागले. एवढा वेळ धरून ठेवलेलं सगळं एकदमच सुटलं.

ती मधली जागा ओलांडून सरकली आणि तिने त्याचा चांगला हात हातात घेतला. तो थंडगार होता.

डॉक्टर पुन्हा बाहेर आल्या. नळी तिरकी केली. मग उलटीच केली. रक्त तळाशी घट्ट बसून राहिलं.

“गोठलं,” त्या म्हणाल्या आणि तिथेच पायरीवर टेकल्या. “निभावलं.”

सकाळी आईने डोळे उघडले तेव्हा पाय सुजून खांबासारखा झाला होता, पण जीभ तिखट होती. “हीच का ती?” तिने विचारलं. “एवढीशी पोर! आणि हा गाडीत गप्प बसला का गं? याला गाडीत बसवलं की सारख्या सूचना. मी तर भांडून उतरून जाते.”

“नाही आई,” ती म्हणाली, “सूचना कमीच दिल्या. मास्तर पाट्याच वाचत होते.”

आईने मुलाकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि मग उगाच खिडकीकडे तोंड फिरवून झोपेचं सोंग घेतलं.

त्याच्या मनगटाचा एक्स-रे शहरातच निघणार होता. मावशी आईजवळ थांबायला आली आणि डॉक्टरांनी दोघांना पाठवून दिलं. पाणी उतरलं होतं, धुकं विरलं होतं. काल ज्या वळणावर तिचा जीव टांगणीला लागला होता, तिथे आज खाली हिरवीगार दरी उघडली होती आणि उन्हात चमकत होती. तिने गाडी सहज वर घेतली, सहज खाली आणली. तो मात्र एक शब्द बोलत नव्हता. पाट्यांमागून पाट्या जात होत्या, आणि मास्तर गप्प.

“बोला की काहीतरी,” ती शेवटी म्हणाली. “काल तोंड बंद होत नव्हतं.”

“काल घाबरलो होतो.”

“आणि आज?”

“आज जास्त.” तो अडखळला. “काल तुम्ही मला ‘तू’ म्हणालात. चिडून का होईना. मी रात्रभर... म्हणजे आईजवळ बसलो होतो, तरी मध्येमध्ये तेच ऐकू येत होतं. मला वाटतं, मला ते रोज ऐकायचंय. चिडून म्हणालीस तरी चालेल.”

गाडी किंचित वाकडी झाली. तिने सावरली. मग सिग्नल दिला, आरशात पाहिलं, गिअर कमी केला, आणि पुस्तकात लिहिलंय तशी नीट कडेला लावून इंजिन बंद केलं.

“काय झालं?” तो गडबडला. “अगं, ती पाटी बघ! ‘येथे वाहन उभे करू नये’.”

“दिसली.” तिने स्टिअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले. “चालत्या गाडीत असलं काही बोलतात का? आणि म्हणे मास्तर! आता गाडी थांबलीय. नीट बघ माझ्याकडे, आणि पहिल्यापासून पुन्हा सांग.”

मागून एक ट्रक हॉर्न वाजवत जवळ आला, आणि त्यांना वळसा घालून पुढे निघून गेला.

त्याने पुन्हा सांगितलं.